चौघांना उचलेल एवढी गाडी

इस्माईलभाईंचा ट्रक कचेरीच्या फाटकाशी थांबला आणि हॉर्न वाजला नाही, तेव्हाच मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. हा माणूस कोपऱ्यावर वळताना हॉर्न दाबतो, फाटकाशी आला की पुन्हा दाबतो आणि मी खिडकीतून डोकं बाहेर काढेपर्यंत दाबत राहतो. त्यावरून आमच्या साहेबांचं मी बरंच ऐकून घेतलेलं आहे. त्या दिवशी ते मुकाट्यानं जिना चढून वर आले, माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "चलो, नक्शेवाले." कुठं, असं मी विचारलं नाही. अंबादास गेला होता. तो जाणार हे त्याच्या बायकोला, इस्माईलभाईंना, मला आणि खुद्द त्यालाही केव्हापासून ठाऊक होतं. तरी ट्रकमध्ये बसल्यावर मी इस्माईलभाईंवर खेकसलो, की एवढं हळू काय चालवताय, पोचायचंय की नाही आपल्याला. घाई करून आता काय मिळणार होतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

या गोष्टीला दीडेक महिना झाला. सोलापूरच्या पूर्व भागात अंबादासला ओळखणारी माणसं पुष्कळ आहेत. यंत्रमागाचे सुटे भाग करून देणारा कारखानदार, एवढी त्याची ओळख. त्याचे आजोबा तेलंगणातून विणकामासाठी इथं आले, वडिलांनी हातमाग सोडून यंत्रमाग घातले आणि अंबादासनं माग सोडून मागांच्या दुरुस्तीची शेड टाकली. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, इस्माईलभाईंशी दखनी, आणि चिडला की तिन्ही एकदम. मी त्याचा शाळेपासूनचा मित्र. सरकारी कचेरीत नकाशे काढतो म्हणून तो मला 'नकाशा' म्हणायचा. माझं खरं नाव त्याच्या बायकोला लग्नानंतर वर्षभर माहीत नव्हतं. एकदा मी दारात उभा असताना तिनं आत जाऊन सांगितलं, "एमंडी, नकाशा आलेत." एमंडी म्हणजे आपलं अहो. अंबादास पोट धरून हसला होता.

पण मला लिहायचं आहे ते त्याच्या गाडीबद्दल. शर्यतीची गाडी. ज्या बोळात समोरून हातगाडी आली तर सायकल मागे घ्यावी लागते, तिथं एका विणकराच्या मुलानं शर्यतीची गाडी बांधली म्हटलं तर लोक हसतात. मीही हसलोच होतो. लोखंडी नळ्या जोडून केलेला सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, एकाच माणसापुरती जागा, आणि भंगारात निघालेल्या एका लहानशा गाडीचं इंजिन. दारं नाहीत, टप नाही, काच नाही. मला वेगाचं वावडं आहे. गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा मी बसत नाही, आणि गाडी चालवायला तर आजतागायत शिकलेलो नाही. तरी त्या गाडीचा एकेक तुकडा कागदावर मीच काढून दिला, कारण अंबादासला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

शेडचं दार बोळात उघडायचं आणि बोळात गाडी वळवायला जागा नव्हती. मग गाडी बाहेर काढली की चौघांनी चार कोपऱ्यांना धरून ती उचलायची, जागच्या जागी फिरवायची आणि खाली ठेवायची. शेजारच्या कारखान्यांतले विणकर हातातलं काम टाकून या कामाला यायचे. अंबादास तेव्हा अंगानं चांगला आडवा होता. कधी कधी तो मुद्दाम आत बसून राहायचा, नवरदेवासारखा मान ताठ करून, आणि चौघांच्या हातून गाडी हलायची नाही. "उतर बे, कंबर मोडतोस का आमची?" म्हणून शिव्या खायचा आणि मग हसत हसत उतरायचा. गाडीच्या वजनाचं त्याचं माप तेच. चौघांना उचलता आली पाहिजे. हलकी गाडी वळणावर पळते आणि खरी मजा वळणावरच असते, असं त्याचं म्हणणं होतं.

तेव्हा मद्रासकडे मोटारींच्या शर्यती व्हायच्या. इस्माईलभाईंचा मालवाहतुकीचा धंदा. त्यांच्या ट्रकवर गाडी बांधून अंबादास दोनदा तिकडे जाऊन आला. दोन्ही वेळा जवळजवळ शेवटचा आला आणि तरीही जावयाचा मान मिळाल्यासारखा खुशीत परतला. "वळणावर मी सगळ्यांना खाल्लो बे नकाशा," तो मला सांगायला लागला, "सरळ रस्ता आला की मग सगळे मला खायले." शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा घास हातात तसाच ठेवून त्यानं मला ताटावर बोटानं ट्रॅक काढून दाखवला. वळणं किती, सरळ पट्टा केवढा, कुठं कोण पुढं गेला... माझी भाजी त्यात सगळी विस्कटली. त्याला आता मोठं इंजिन हवं होतं. तेवढं मिळालं की आपली गाडी कोणाला ऐकत नाही, हे त्यानं माझ्या ताटावर पक्कं केलं.

इंजिन आलं ते दुष्काळाच्या साली. माळशिरसकडच्या कोणा बड्या बागायतदाराची परदेशी गाडी झाडावर आदळून चेपली. माणूस वाचला, गाडी गेली. इस्माईलभाईंनी ती भंगारात घेतली आणि तिचं इंजिन ताडपत्रीखाली झाकून शेडमध्ये आणून उतरवलं. "अंबादासभाई, ये इंजिन नै, हत्ती है," ते म्हणाले. "सोच के बांधो." अंबादासनं त्याच्याभोवती फेरी मारली, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि पद्मावहिनींना हळदकुंकू आणायला सांगितलं. त्या वर्षी नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसायचा. बायका रात्रंदिवस घागरी घेऊन रांगेत. घरच्या पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही, हे अंबादासनं आपणहून ठरवलं होतं. इंजिन तपासायला सुरू केलं की रेडिएटरमधलं तेच पाणी काढून एका घागरीत ठेवायचं आणि पुढच्या वेळी तेच पुन्हा भरायचं. वहिनींनी त्या घागरीला चुन्याचं बोट लावून ठेवलं होतं. एकदा कचेरीतून तसाच उन्हातनं आलो आणि चुना न बघता तिच्यात पेला बुडवून गटागटा प्यायलो. दोन दिवस तोंडाला गंजाची चव होती. अंबादास म्हणाला, आता तू तापणार नाहीस.

मग ते हत्तीएवढं इंजिन त्या काड्यांच्या सांगाड्यात बसवायचं काम सुरू झालं. बसलं, पण सुरू केलं की अख्खी गाडी थरथरायची. नट आपोआप सुटायचे, पत्रा खडखडायचा, एकदा तर स्टिअरिंगच हातात आलं. पुढं जे झालं ते मागवाल्यांच्या घरातच होऊ शकतं. माग चालताना हादरतो, हादरत हादरत जागेवरून सरकायला लागतो. त्यावर या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा एकच उपाय आहे, वजन द्यायचं. पायाखाली बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जाड पट्टी, तिच्याखाली फरशीत पुरलेला दगड, वरून बोल्ट. जड झाला की माग गप्प बसतो. अंबादासनं गाडीलाही तेच औषध दिलं. इंजिनाखाली बिडाची पट्टी, पट्टीला धरायला आडवे अँगल, अँगलना पेलायला आणखी जाड नळ्या. तो सांगत गेला, मी काढत गेलो. पाचेक महिने त्यात गेले. शेवटी एका सकाळी इंजिन सुरू करून त्यानं त्यावर पाण्यानं भरलेला पेला ठेवला आणि पेल्यातलं पाणी जवळजवळ हललं नाही. आजूबाजूचे विणकर बघून गेले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी त्याची पाठ थोपटली, असा बसवलेला माग आपण पाहिला नाही म्हणाले. आम्ही पेढे वाटले. गाडी बोळात काढली तेव्हा मात्र ती चौघांना उचलेना. सात जण लागले. अंबादास म्हणाला, इंजिन मोठं आहे, एवढं व्हायचंच.

गावाबाहेर विमानांसाठी केलेली एक धावपट्टी आहे. विमान तिथं क्वचितच उतरायचं. इस्माईलभाईंनी तिथल्या राखणदाराशी गोडीगुलाबी करून आम्हाला आत सोडवलं. वळणांच्या जागी आम्ही रिकामी पिंपं मांडली. सरळ पट्ट्यावर गाडी जी सुटली ती बघून मी दोन पावलं मागं सरलो. पहिलं पिंप आलं, अंबादासनं स्टिअरिंग फिरवलेलं आम्हाला लांबून दिसलं, आणि गाडी फिरलीच नाही. चाकं वळली पण गाडी सरळच गेली आणि पट्टीबाहेरच्या बाभळींत घुसून थांबली. आम्ही धावलो. त्याला खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं. तो उतरला आणि आमच्याकडं चालत यायला लागला, तेव्हा त्याच्या डाव्या पायातली चप्पल मागंच राहिली. त्याला ते कळलं नाही. एक पाय अनवाणी, एका पायात चप्पल, असा तो काटेरी मातीतून गाडीबद्दल बोलत येत होता. "चप्पल बी वहींच रह गई, अंबादासभाई," म्हणून इस्माईलभाईंनी ती उचलून आणली आणि आम्ही सगळे हसलो. आमचं सगळं दुःख तेव्हा गाडी वळली नाही याचं होतं.

आठवडा गेला. मग एकदा शेडमध्ये मी चहा पीत बसलो असताना म्हणाला, "मागाला जागेवर बसवायचं असतंय बे. गाडीला पळवायचं असतंय. आपण गाडीचा माग केला की." आणि त्यानं करवत उचलली. सगळं बीड, सगळे अँगल, त्या जाड नळ्या, एकेक करून कापून काढायला लागला. थरथरू दे म्हणाला, थरथरली म्हणून काय होतंय. ते कापायलाही तेवढाच वेळ लागणार होता. पण या खेपेला त्याची चप्पल रोजच निसटायला लागली. शेडच्या उंबऱ्याला पाय अडखळायचा. मग जिन्यावर कठडा धरायला लागला. वहिनींनी आधी चप्पल बदलून आणली, मग पट्ट्याच्या सँडल आणल्या, आणि मग एके दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, पायात जोर नाही त्यांच्या. मला सांगत नाहीत. तुम्ही बोला की."

सोलापूर झालं, मिरज झालं, शेवटी पुणं झालं. पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर मज्जातंतू काढून समजावून सांगितलं. स्नायूंपर्यंत निरोपच पोचत नाही, म्हणून ते झिजत जातात. आधी पाय, मग हात, मग... त्यावर औषध नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि चष्मा काढून पुसत बसले. बिचारे तरी काय करणार होते. अंबादासनं एकच विचारलं, पाय अजून किती दिवस चालतील. ते कोणी सांगू शकत नाही, म्हणाले. परतताना एसटीत तो खिडकीशी बसला होता. भिगवण आलं. मग बाहेर बघतच म्हणाला, "ते बिडाचं केलो नसतो तर गेल्या उन्हाळ्यातच झाली असती बे गाडी." तेवढंच. पुन्हा कधी तो विषय त्यानं काढला नाही. मी मात्र पुष्कळदा काढतो, मनातल्या मनात. ज्या उपायानं त्याच्या घरादाराचं पोट भरलं, त्यानंच त्याचे धडधाकट पायांचे महिने खाल्ले. चिडून चिडावं तरी कोणावर? बिडाच्या पट्टीवर?

शर्यत, मद्रास, सरळ पट्ट्यावर कोणाला खायचं, हे सगळं तेव्हा संपलं. त्याला आता एवढंच हवं होतं, की मोठं इंजिन घातलेली ही गाडी एकदा आपण स्वतः चालवायची. इस्माईलभाई चालवायला तयार होते, ते त्याला नको होतं. गाडी पुढं सरकत होती आणि तो मागं सरकत होता, आणि आम्ही दोन्हीकडं नुसते बघत होतो. मी संध्याकाळी कचेरीतून थेट शेडमध्ये जायचो. नळी धर म्हणाला की धरायची, कापूस दे म्हणाला की द्यायचा. मित्र आजारी आहे तर धीर द्यावा, चार शब्द बोलावेत, हे मला समजतं. पण अंबादासपुढं बसलं की मी उगीच इंजिनावर टीका करत राहायचो.

सगळ्यात अवघड निघाला क्लच. मोठ्या इंजिनाचा क्लच जड. डाव्या पायानं तो दाबता येईना. अंबादासनं पायाचा दांडा लांब करून बघितला. हलका झाला, पण आता पाय तेवढा लांब जाईना. हातानं ओढायचा दांडा करायचा ठरवलं, तोवर हातांची पकड सैल व्हायला लागली होती. एकेक उपाय मी कागदावर काढून आणायचो आणि तोपर्यंत त्याचं शरीर त्या कागदाच्या पुढं गेलेलं असायचं. पावसाळ्यात गाडी उभी राहिली तर क्लचची चकती गंजून चिकटते, म्हणून रोज तो दाबून सोडायला हवा. ते काम त्यानं वहिनींकडं दिलं. दिवेलागणीच्या आधी त्या पदर खोचून त्या बोडक्या गाडीत बसायच्या आणि अंबादास बाजेवर पडल्या पडल्या सांगायचा, "दाब... सोड... दाब." शेडमध्ये दुसरा आवाज नसायचा. मी स्टुलावर बसून ऐकत राहायचो.

शेवटी क्लचशिवाय गाडी चालवायची युक्ती त्यानंच काढली. गाडी आधीच तिसऱ्या गिअरमध्ये टाकून ठेवायची, चौघांनी ढकलायची, इंजिन धरलं की धरलं. वेग कमीजास्त करायला सायकलच्या ब्रेकचा दांडा स्टिअरिंगवर बसवला, तेवढा बोटांनी ओढता यायचा. थांबायचं म्हणजे बटण बंद करायचं. इंजिन बंद झालं की गाडी इंजिनाच्याच ओढीनं थांबेल. वळण घ्यायचं नाही, नुसतं सरळ जायचं. ज्या माणसाला वळणाशिवाय गाडीत मजा वाटत नव्हती, त्यानं हे ठरवलं. मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी नको म्हटलं असतं तर मीही म्हणालो असतो. त्यांनी त्याला फक्त विचारलं, "थांबेल ना?" तो म्हणाला, "बटण बंद केलो की थांबतीय." त्या म्हणाल्या, मग मी पण येणार.

एका रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत ट्रकवर गाडी बांधून आम्ही धावपट्टीवर गेलो. इस्माईलभाई, त्यांचे दोन हमाल, मी आणि वहिनी. अंबादासला इस्माईलभाईंनी एकट्यानं उचलून गाडीत बसवलं. पाठीशी वहिनींनी चादरीची घडी घातली, कमरेला पट्टा आवळला, हात उचलून स्टिअरिंगवर ठेवून दिले. त्याचे ते लेथवर काम केलेले हात. बोटं मात्र दांड्यावर त्यानं स्वतः चढवली, एकेक करून, कोणाला लावू दिली नाहीत. मग म्हणाला, "ढकला." आम्ही ढकललं. दोनदा इंजिन नुसतं कुंथलं. तिसऱ्यांदा धरलं, गाडीनं हिसका दिला आणि ती आमच्या हातांतून निघून गेली. मी तोंडावर पडता पडता वाचलो. सावरून बघतो तर ती केवढीशी झाली होती. आवाज सगळीकडून येत होता. इस्माईलभाई कसलीतरी दुआ पुटपुटत होते, आणि वहिनी हात जोडल्यासारखे धरून उभ्या होत्या, पण देवाचं काही म्हणत नव्हत्या. "बटण," एवढंच म्हणत होत्या. "बटण, बटण..."

आवाज थांबला. धावपट्टीच्या पार टोकाला गाडी उभी राहिलेली दिसली आणि मग ती तशीच उभी राहिली. तो हात वर करू शकत नव्हता, हे आम्हाला माहीत होतं, तरी हात वर व्हायची वाट बघत आम्ही क्षणभर थांबलो. मग धावलो. सगळ्यांत मागं मी. वहिनी चपला टाकून धावत होत्या. ती धावपट्टी एवढी लांब आहे हे मला आधी कळलं नव्हतं. पोचलो तेव्हा अंबादास मान मागं टाकून बसला होता. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी वाहून कानांपर्यंत गेलं होतं आणि ते त्याला पुसता येत नव्हतं. वहिनींनी पदरानं पुसलं. "वळवा," तो म्हणाला. इस्माईलभाई त्याला बाहेर काढायला वाकले, तर म्हणाला, "मला काढू नका. काढलात तर परत बसवणार नाहीत तुमी." खरंच होतं ते. आम्ही बसवलं नसतं. मग इस्माईलभाईंनी हमालांना खूण केली, मला चौथा कोपरा दिला, आणि त्याच्यासकट गाडी उचलायला आम्ही वाकलो.

गाडी उचलली गेली. ते मोठं इंजिन आत, तो आत, आणि माझ्यासारखा कागद उचलणारा माणूस एका कोपऱ्याला, तरी उचलली गेली. अर्धा फेरा फिरवून आम्ही ती खाली ठेवली. हमालांना त्यात विशेष वाटलं नाही. मी सरळ उभा राहिलो आणि माझी नजर नेमकी त्याच्या नजरेला भिडली. बोळात त्याच्यासकट उचलताना कमरा मोडायच्या, ते आम्हा दोघांनाही त्या क्षणी आठवलं असणार. त्याच्या तोंडावर जुनं मिस्कील हसू आलं. "बघ बे नकाशा," तो म्हणाला, "आता बरोबर झालं वजन." मी काहीतरी बोलायला हवं होतं. एखादी शिवी तरी. मी खाली वाकून चाकाला लागलेली माती झाडत राहिलो, जशी काही ती झाडणं फार जरुरीचं होतं. मग आम्ही पुन्हा ढकललं, आणि तो परत गेला, ट्रककडं, सरळ.

त्यानंतर तो चार महिने होता. शेवटी शेवटी बोलणंही गेलं. मी जाऊन बसायचो आणि कचेरीतल्या गमती सांगायचो. तो डोळ्यांनी हसायचा की नाही, हे मला नक्की सांगता येत नाही.

परवा संध्याकाळी वहिनींना भेटायला गेलो. घरात कोणी नव्हतं. शेडमध्ये उजेड दिसला म्हणून आत गेलो, तर वहिनी गाडीत बसलेल्या. पदर खोचलेला, पाय क्लचवर. बाज कधीच उचलून नेलेली, तिथं मोकळी फरशी. त्या दाबत होत्या आणि सोडत होत्या, तोंडानं काही न म्हणता. मला बघून थांबल्या नाहीत. मी नेहमीच्या स्टुलावर बसलो. मग त्यांनी विचारलं, "भाऊजी, हे किती दिवस दाबायचं असतंय? त्यांनी सांगितलंच नाही की."

या गाडीचा एकेक नट मी माझ्या हातानं कागदावर काढलेला आहे. आठवून बघितलं, पण हे कुठंच काढलेलं नव्हतं.

"दाबत राहा," मी म्हणालो.